हिरडीच्या रंगाचा पडदा

बोगद्याच्या कामावरून,
६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

हे पत्र तू अजून फाडलं नाहीस, म्हणजे माझ्या जिवाला धोका नाही असं धरून चालतो. परवा बाहेरून घरी आलीस आणि आपल्या कामाच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, चार फुटी काचेची टाकी आणि तिच्यातून तुझ्याकडे डोळे वटारून बघणारे मासे पाहिलेस, तेव्हा तू काय म्हणाली असशील ते मला इथे डोंगराच्या पोटात बसून ऐकू आलं. तू कवळ्या पोचवायला दंतवैद्यांकडे गेली होतीस, माझी गाडी सुटायची होती आणि तुझ्या घराची किल्ली माझ्या खिशात होती. विचारायला वेळच नव्हता गं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हाही त्यातला एक भाग आहे.

मासे सिक्लिड जातीचे. अंगावर कैद्याच्या कपड्यांसारखे काळे पट्टे, आणि वागणूकही साधारण तिथलीच. मोठा, कपाळ पुढे आलेला, तो फौजदार. टाकी आपल्या नावावर आहे अशी त्याची समजूत आहे. पोटावर नारिंगी झाक आहे ती बाईसाहेब. अंगाने लहान, पण फौजदाराला उलट उत्तर देणारी. आणि कोपऱ्यातल्या मातीच्या कुंडीमागे जो दिसत नाही, तो भाडेकरू. त्याच्यापर्यंत दोन दाणे पोचतात की नाही तेवढं बघ. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं. मागतील तेवढं देऊ नकोस, ते कायमच मागतात. दर आठवड्याला थोडं पाणी काढून, बादलीत मुरवून ठेवलेलं नवं पाणी घाल. हात मात्र आत घालू नकोस.

इथे फोन लागत नाही. आठवड्याला सामानाचा ट्रक येतो, तोच टपाल आणतो आणि नेतो. मोजणीचं काम जोरात आहे. डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरत आणलाय. मधे तोंडाला तोंड भिडलं नाही तर सगळे माझ्याकडेच बघणार.

तिचं, म्हणजे तुझ्या सूनबाईचं, काही कळलं तर कळव. मी आणखी एका वर्षाचा करार केला म्हणून ती घर बंद करून छापखान्याजवळच्या खोलीत राहायला गेली, हे तुझ्या कानावर आलं असेलच. मी मुद्दाम विचारत नाही, ओघात आलं म्हणून लिहिलं.

माझ्यावरचा लोभ थोडा माशांकडे वळवावा, ही विनंती.

तुझा
भुंग्या


घर,
१३ फेब्रुवारी

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद. (द्यायची इच्छा नव्हती, पण हाताला सवय आहे.)

पत्र फाडलं नाही, कारण मागची बाजू कोरी होती आणि मला एका गिऱ्हाइकाच्या जबड्याची मापं लिहून घ्यायची होती.

त्या टेबलावर माझे प्लॅस्टरचे साचे वाळत असतात, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. ते सगळे आता माझ्या पलंगाखाली आहेत. झोपायला गेले की खालून तीस-चाळीस जबडे माझ्याकडे बघून हसतात. हात आत घालू नकोस हे तुझं म्हणणं मंगळवारी टपालाने आलं. फौजदाराने मला तेच सोमवारी समजावलं होतं. कुंडी तिरकी झाली होती म्हणून सरळ करायला गेले, तर बोटाला कडकडून चावला. आयुष्यभर लोकांचे दात बोटांत धरत आले. माझं बोट दातात धरणारा हा पहिलाच.

आता पुढचं ऐक आणि हसू नकोस. आमच्याकडे एक बँडमास्तर येतात. उभं आयुष्य ट्रंपेट वाजवण्यात गेलं, आता निवृत्त आहेत. त्यांची वरची कवळी घासूनपुसून, चकाचक करून मी टाकीच्या झाकणावर ठेवली होती. खाणं घालायला झाकण उचललं आणि कवळी बुडुक करून आत. चिमटा आणायला गेले. परत येते तो फौजदाराने कवळीचा ताबा घेतलेला. चिमट्यावर असा धावून आला की चिमटा माझ्याच हातून सुटला. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर बाईसाहेबांनी कवळीच्या टाळूवर अंडी घातलेली! टाचणीच्या डोक्याएवढी, शेकड्यांनी, नीट ओळीत चिकटवलेली. बाईसाहेब परांनी त्यांना वारा घालताहेत आणि फौजदार दातांसमोर गस्त घालतोय.

बँडमास्तर ठरल्याप्रमाणे कवळी न्यायला आले. काय सांगणार? हात धरून टाकीसमोर उभं केलं. बराच वेळ बघत राहिले, मग तोंडाचं बोळकं उघडून इतके हसले की मला पाणी आणून द्यावं लागलं. म्हणाले की त्यांच्या तोंडातून आजवर पुष्कळ काही बाहेर पडलं, पण पोरंबाळं पहिल्यांदाच पडणार आहेत. निदान मला तसं ऐकू आलं. दात नसल्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द फुसकन निसटतो. ती कवळी आता परत नको म्हणाले, नवी होईपर्यंत थांबतो म्हणाले, आणि रोज येऊन बाळंतिणीची खुशाली विचारायची परवानगी मागून गेले. रोज येतात. स्टूल खिडकीपाशी ओढून बसतात. मी काम करते, ते पहारा देतात.

आता एक विचारते, सरळ उत्तर दे. हे मासे सूनबाईकडे का ठेवले नाहीस? तिच्या खोलीत टाकी मावणार नाही असं लिहू नकोस. तू तिला विचारलंस का, तेवढंच लिही.

प्रकृतीस जपावे. माशांना जपण्याचं मी बघते, दुसरा उपाय नाही.

आत्या


बोगद्याच्या कामावरून,
२० फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

पत्र जेवणाच्या तंबूत मोठ्याने वाचलं, आचाऱ्याच्या हातून पातेलं पडलं. कवळीतल्या अंड्यांची बातमी आता डोंगराच्या पलीकडच्या तोंडापर्यंत गेली आहे आणि तिकडचे लोक मला बाळाचे काका म्हणून हाक मारतात.

पिल्लं पोहायला लागली की नवरा-बायको दोघंही पिसाळतील. भाडेकरूवर लक्ष ठेव, त्याला जिवे मारायला कमी करणार नाहीत. पाणी गढूळ वाटलं तर फिल्टरमधला स्पंज धू.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: विचारलं नाही. तिला त्या माशांचा कंटाळा होता. पंपाच्या घरघरीने झोप लागत नाही म्हणायची. आधीच माझ्यावर चिडलेली, त्यात हे ओझं कशाला? तिला त्रास नको म्हणूनच तुझ्याकडे आणले. तूही तिला यात ओढू नकोस.

तुझा लोभ उतू जात नाही हे माहीत आहे. आटू मात्र नये.

भुंग्या


घर,
२४ फेब्रुवारी, घाईत

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

चिठ्ठी घेऊन आलेले गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना सध्या दात नाहीत. घाबरून बोलू लागले की एक अक्षर कळत नाही, म्हणून लिहून देते.

तुझ्या नवऱ्याचे मासे माझ्याकडे आहेत. स्पंज धू असं त्याने लिहिलं म्हणून मी काल धुतला. कवळ्या धुते तसा धुतला, उकळत्या पाण्यात, साबण लावून, ब्रशने खसाखसा. आज पाणी दुधासारखं झालंय. तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडून हवा ओढताहेत. पिल्लं तळाशी बसली आहेत. मी हात घातला तरी फौजदार चावत नाही, आणि त्यानेच माझं धाबं दणाणलं. माशांचं दुकान आज बंद आहे.

तुला यात ओढू नकोस असं भाच्याने बजावलं आहे. भाचा डोंगरात आहे आणि मासे इथे मरायला टेकलेत. गेले कित्येक दिवस मी तुझी चौकशी केली नाही, कारण कोणाच्या बाजूने बोलावं ते कळेना. आज कोणाचीच बाजू नाही. येशील का?

आत्या


खोलीवरून,
२ मार्च

श्री. बोगदेवाले यांस,
नमस्कार.

फौजदार, बाईसाहेब आणि भाडेकरू जिवंत आहेत. पिल्लांतली बरीचशी गेली, मूठभर राहिली. बातमी आधी सांगितली म्हणजे पुढचं पत्र तू शांतपणे वाचशील.

चिठ्ठी आली तेव्हा मी एका जाडजूड औषधशास्त्राच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होते. पान तसंच उघडं टाकून निघाले. टॅक्सीत बँडमास्तर हातवारे करून मला परिस्थिती समजावत होते आणि टॅक्सीवाल्याला वाटलं की त्यांना झटका आलाय. तो आम्हाला दवाखान्यात नेत होता. आत्याबाई दारातच उभ्या होत्या.

स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नुसता पिळून. त्यातल्या मळातच पाणी साफ ठेवणारे जंतू असतात. उकळून त्यांनी त्या बिचाऱ्यांचा वंश बुडवला. हे तुला माहीत होतं. लिहायचं राहिलं. तुझं असं पुष्कळ लिहायचं राहतं. मग आम्ही तिघांनी मिळून बरंचसं पाणी काढलं, मुरवलेलं पाणी तांब्याने उंचावरून ओतत राहिलो, खाणं बंद केलं. मी दुकानदाराच्या घरी जाऊन त्याला जेवणावरून उठवलं. त्याने बनियनवरच येऊन दुकान उघडलं आणि आपल्या टाकीतला एक काळाकुट्ट स्पंज काढून दिला. इतकी घाणेरडी वस्तू मी इतक्या आनंदाने कधी उराशी धरली नव्हती. रोज जाऊन पाणी बदलते आहे. काल फौजदाराने आत्याबाईंना पुन्हा चावा घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुखलं म्हणून नव्हतं.

आता माझं. मला माशांचा कंटाळा होता, असं तू आत्याबाईंना कळवलंस. गेलं वर्षभर तू डोंगरात होतास तेव्हा त्यांना खायला कोण घालत होतं? फौजदाराला फौजदार हे नाव कोणी ठेवलं? तू सुट्टीवर आलास तेव्हा आयतं उचललंस. पंपाच्या घरघरीने झोप लागत नाही म्हणाले होते, खरं आहे. पण अख्ख्या घरात तेवढा एकच आवाज होता, हे मला म्हणायचं होतं, आणि ते तू ऐकून घेतलं नाहीस.

गेल्या महिन्यात कपडे न्यायला घरी गेले तर टाकीच्या जागी भिंतीवर नुसता चौकोन उरला होता. मला वाटलं, मासे मेले. शेजारणीकडून कळलं की तू येऊन घेऊन गेलास. करार करताना विचारलं नाहीस, ते एक वेळ समजू शकते, त्यात पगार होता, बढती होती. माशांचं विचारायला तुझं काय जात होतं?

कळावे. लोभाचा विषय सध्या स्थगित.

ती


घर,
१० मार्च

चि. भुंग्यास आशीर्वाद.

सूनबाईचं पत्र तुला मिळालं असेल. त्यात काय होतं ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. ते लिहायला तिने माझं खोडरबर नेलं, ते परत आलं तेव्हा नखाएवढं उरलं होतं एवढं सांगते. तिला उत्तर लिही. मला नाही लिहिलंस तरी तिला लिही.

इकडे रणधुमाळी आहे. उरलेली पिल्लं मोठी होताहेत आणि आईबाप त्यांना घेऊन टाकीभर मिरवणूक काढतात. भाडेकरूने कुंडीतून नाक बाहेर काढलं की दोघं मिळून त्याला बुकलतात. त्याच्या शेपटीची लक्तरं झाली. सूनबाई म्हणाली, मधे पडदा घालायला हवा, पाणी जाईल पण मासा जाणार नाही असा. दुकानात तयार मिळतो म्हणे. मी म्हटलं, पन्नास वर्षं मी लोकांच्या तोंडात भिंती बांधत आले, माझ्यावर दुकानातला पडदा विकत आणायची वेळ यावी? कवळ्यांची भुकटी होती, द्रावण होतं, साचे होते. चपट्या टाळूसारखे तुकडे ओतले, शिजवले, एकमेकांना जोडले आणि कवळी घासायच्या यंत्राने त्यांना भोकं पाडली. भुकटी माझ्याकडे एकाच रंगाची असते, हे तुला ठाऊक आहेच. तेव्हा तुझ्या टाकीत आता हिरडीच्या रंगाचा, गुलाबी, चकचकीत पडदा आहे. बँडमास्तर म्हणाले की मासे कोणाच्या तरी तोंडात राहताहेत असं वाटतं. सूनबाईने तो लगेच आत घालू दिला नाही. द्रावणाचा वास पुरता जाईपर्यंत गरम पाण्यात बुडवून ठेवायला लावला, रोज हुंगून बघायची आणि मान हलवायची. बाई कडक आहे. मला आवडली. लग्नात पाहिली तेव्हा नीट पाहिलीच नव्हती.

पडदा बसला आणि चमत्कार बघ, भाडेकरू बाहेर आला! चांगला ऐसपैस मासा आहे, आपल्याला उगाच तो पोरगेला वाटायचा. आता पडद्याआडून गाल फुगवून फौजदारापुढे दंड थोपटतो. फौजदार पडद्यावर डोकं आपटतो. बँडमास्तरांना भाडेकरूचा इतका लळा लागला की त्यांनी त्याच्यासाठी वेगळी टाकी घेतली आणि लगेच त्याला आपल्या घरी नेला. ट्रंपेट वाजवलं की तो काचेपाशी येतो, असं त्यांचं म्हणणं आहे. नव्या कवळीने पहिल्यांदाच फुंकलं होतं. माझ्या मते तो घाबरून आला असेल.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण आता फौजदार बाईसाहेबांच्या मागे लागलाय. पिल्लं अजून तिच्या अंगाखाली आहेत आणि याला पुन्हा संसार मांडायचाय. ती नको म्हणते तर तिला कोपऱ्यात कोंडून मारतो. एकदा तर तिचा पर फाटला. तिला आणि पिल्लांना उचलून पडद्याच्या पलीकडे ठेवलं, तर तिकडून ती दिवसभर याच्याकडे तोंड करून बसते. बाईचं मन मला कळलं नाही. सूनबाईला कळलं. तिने कागदावर एक भोक आखून दिलं आणि म्हणाली, पडद्याला खाली एवढं दार पाडा. बाईसाहेबांच्या मापाचं. फौजदार त्यातून जाणार नाही, पण ती पाहिजे तेव्हा इकडे येईल, पाहिजे तेव्हा तिकडे जाईल. मी पाडलं. पहिल्याच दिवशी फौजदाराने त्यात कपाळ अडकवून घेतलं आणि मागे सरताना जसा तोंड चुकवत गेला, त्यावरून मला तुझीच आठवण झाली.

अंथरूण-पांघरूण पुरेसं आहे ना? कळव.

आत्या


छापखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत,
१८ मार्च

अरे,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. सवयीने हातात लाल पेन होतं, तेव्हा तपासून परत पाठवते आहे. शुद्धलेखन बरं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका केल्या आहेस, त्या तुझ्या घाईच्या आहेत, क्षमा केली. पण मजकुरातल्या दुरुस्त्या वाचून घे.

पहिल्या पानावर 'आपण ठरवलं होतं' असं तीनदा आलंय. तिन्ही ठिकाणी 'मी ठरवलं होतं' असं हवं. दुसऱ्या पानावर 'तुझ्या भल्यासाठी' हे शब्द पानभर पसरलेत. सगळे काढले आहेत, काढल्यावर अर्थ बदलत नाही, बघ. 'तुला वाईट वाटलं असेल तर' यातला 'असेल तर' काढला आहे. तिसऱ्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत 'इथे संध्याकाळी सगळे पत्ते खेळतात तेव्हा मी तुझा आवाज कसा आहे ते आठवायचा प्रयत्न करतो आणि हल्ली तो पटकन आठवत नाही' असं वाक्य आहे. हे वाक्य लांब आहे, त्यात विरामचिन्ह नाही, आणि मी त्याला हात लावलेला नाही.

आत्याबाईंकडे रोज जाते. आधी पाण्यासाठी जायचे, आता पाणी चांगलं आहे तरी जाते. काम झालं की त्या अंड्याचं सँडविच करतात आणि मला दातांची नावं शिकवतात. बँडमास्तर स्टूलावर असतात. त्यांची नवी कवळी कधीच तयार झाली, तरी ती रोज थोडी टोचते म्हणे. आत्याबाई रोज थोडी घासून देतात. अशाने त्या कवळीचा लवकरच कागद होणार आहे. मी काही बोलत नाही. तूही बोलू नकोस, नाहीतर त्या माझ्यावर चिमटा फेकतील.

बाईसाहेब बरी आहे. आता दारातून ये-जा करते. सकाळी तिकडे, दुपारी इकडे, कधी नुसती दारात. फौजदार हल्ली तिची वाट बघतो.

जेवणाची सुट्टी संपली. लोभावरची स्थगिती उठवलेली नाही, पण सुनावणीची तारीख मिळेल.

ती


बोगद्याच्या कामावरून,
२५ मार्च

तुला,

मायना काय लिहावा ते सुचेना. सगळे लिहून पाहिले आणि खोडले. तुला खोडलेलं चालतं म्हणून तसंच पाठवतो.

दुरुस्त्या मिळाल्या. सगळ्या मान्य आहेत. दुसरं पान तू म्हणालीस तसं शब्द काढून वाचलं, आणि खरोखरच काही बिघडलं नाही. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. तंबूत कोणाला वाचून दाखवलं नाही.

गुरुवारी डोंगर आरपार झाला. पलीकडच्या माणसाचा कंदील दिसला आणि सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं. माप चुकलं नव्हतं. त्या गडबडीतच मोठ्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. पुढच्या खोऱ्यात नवा बोगदा निघतोय, दोन वर्षांचं काम, मोजणीचा प्रमुख म्हणून मला घेताहेत. राहायला घर देणार आहेत, तंबू नाही. कागद त्यांच्या हातात होता, पेनही त्यांनीच पुढे केलं.

मी पेन परत दिलं. म्हटलं, घरी विचारावं लागेल. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी श्वास घ्यायला रजा मागितली. म्हणाले, असल्या संधीला कोणी विचारत बसतं का? मी म्हटलं, मी नाही विचारलं मागच्या वेळी, म्हणून आता विचारतोय. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या ट्रकपर्यंत थांबतील. नंतर दुसऱ्याला देतील, आणि ते रास्त आहे.

तू सांगशील तसं करीन, असं लिहिणार होतो. मग वाटलं, तसं लिहिणं म्हणजे सगळं ओझं तुझ्या डोक्यावर टाकून आपण मोकळं होणं. म्हणून माझ्या मनात आहे ते लिहितो. मला जावंसं वाटतं. तुझ्यावाचून जावंसं वाटत नाही. या दोन वाक्यांच्या मधे काय घालायचं असतं ते मला येत नाही. तुझा छापखाना, तुझं काम, तुझी माणसं तिथे आहेत हे मला दिसतंय. तू नको म्हणालीस तर मी धुसफुसेन, थोडे दिवस, पण ते माझं मी बघेन.

तर विचारतो: काय करू या?

तुझा


घर,
२ एप्रिल

चि. भुंग्यास मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी सूनबाईला छापखान्यात मिळालं आणि ते घेऊन ती तडक माझ्याकडे आली. टाकीजवळ उभी राहून एकदा वाचलं. मग बँडमास्तरांना स्टूलावरून उठवलं आणि बसून पुन्हा वाचलं. लाल पेन तिच्या पर्समध्ये होतं. ते तिने काढलं नाही, हे मी लक्ष ठेवून पाहिलं. मला वाचायला दिलं नाही. त्यातला फक्त नव्या कामाचा भाग सांगितला आणि बाकीचं घडी घालून ठेवून दिलं. मग माशांना खाणं घातलं, फौजदाराशी दोन शब्द बोलली आणि सामानाच्या ट्रकचा अड्डा कुठे आहे म्हणून मला विचारू लागली.

मी म्हटलं, अगं, उत्तर पत्राने पाठव, ट्रक काय आपोआप जातोच. तर म्हणाली की जी जागा पाहिली नाही तिच्याबद्दल हो कसं म्हणायचं आणि नाही तरी कसं म्हणायचं. त्या खोऱ्यात घर देणार म्हणजे कसलं देणार, आजूबाजूला माणसं कोण, तिचं मुद्रितं तपासायचं काम तिथे टपालाने येऊ शकेल की नाही, हे सगळं तिला स्वतः बघायचंय. बघून नाहीही म्हणेन, असं मला बजावून सांगितलंय. छापखान्यातून रजा काढली. मालक कुरकुरला, तर त्याला म्हणाली की वर्षभरात मी एकही रजा घेतलेली नाही, हवं तर तपासून बघा. त्याने तपासलं नाही. तिचं तपासलेलं परत तपासायची कोणाची छाती आहे?

ट्रकवाल्याशी बँडमास्तर बोलायला गेले. नव्या कवळीने इतकं स्वच्छ बोलले की तो माणूस पुढची जागा द्यायला तयार झाला, आणि वर त्यांना चहा पाजला. मी डबा भरून दिलाय. वाटेत तिने तो ट्रकवाल्यालाच दिला असला तर तुझं नशीब.

मासे मी आता कोणालाच देणार नाही. तुम्ही दोघं कुठेही राहा, वेगवेगळे राहा, एकत्र राहा. भेटायला या, हवं तर फौजदाराकडून चावून घ्या. टेबल नवं आणलंय साच्यांसाठी, त्यामुळे पलंगाखालचे जबडे गेले आणि मला झोप यायला लागलीय. पिल्लांतली काही दुकानदाराने नेली, उरलेली बाईसाहेबांच्या मागे मागे दारातून जा-ये करतात. फौजदार मोजत बसतो.

ती काय ठरवेल ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. असतं तर मी पोटात ठेवलं नसतं. काल तिला विचारलं, भीती वाटते का. म्हणाली, वाटते. मग तिने ठिपक्यांचा ब्लाऊज घातला, तो काढून निळा घातला, आणि पुन्हा ठिपक्यांचाच.

हे पत्र मी टपालात टाकत नाही, तिच्याच हाती देते आहे. म्हणजे तू ते उघडशील तेव्हा ती तुझ्यासमोर उभी असणार, ट्रकच्या धुळीने माखलेली, दिवसभर हादरे खाऊन आलेली. तू असा की आलेलं पत्र जिथल्या तिथे उभं राहून वाचतोस. इथवर वाचलं असशील तर पुरे झालं. पत्र खिशात घाल आणि आधी तिच्या हातातली पिशवी घे.

तुम्हा दोघांची,
आत्या